निळ्या चंद्राचा हिशेब

एखादी गोष्ट क्वचितच घडते हे सांगायला इंग्रजीत ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणतात. चुलतभाऊ कधी नव्हे तो फोन करतो, तोही ‘वन्स इन अ ब्लू मून’! आपण अशा वेळी कपिलाषष्ठीचा योग काढतो. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात हे सगळं एकाच दिवशी जुळणं खरोखरच दुर्मीळ.

चंद्र खराखुरा निळा दिसतो का? दिसतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा राखेमुळे लोकांना तो निळसर दिसला होता. हवेतले कण नेमक्या आकाराचे असले की ते तांबडा प्रकाश विखरून टाकतात आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो.

पण खगोलप्रेमी ज्याला ब्लू मून म्हणतात, तो पांढराच असतो आणि त्याचं मूळ आहे गणितात. बारा पौर्णिमा सुमारे ३५४ दिवसांत आटोपतात, सूर्याचं वर्ष मात्र सुमारे ३६५ दिवसांचं. दरसाल उरणारे अकरा दिवस साचत जातात आणि अखेर एखाद्या वर्षात तेरावी पौर्णिमा येते. ‘मेन फार्मर्स अल्मनॅक’ या अमेरिकी पंचांगात एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या, की त्यांतली तिसरी ब्लू मून ठरे. मार्च १९४६ मध्ये जेम्स ह्यू प्रुएट यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात या नियमाचा चुकीचा अर्थ लावला आणि इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ते नाव दिलं. मासिकाने १९९९ मध्ये चूक मान्य केली, पण तोवर हीच व्याख्या रुळली होती.

आणि आश्चर्य म्हणजे, तेच साचलेले अकरा दिवस आपल्याकडे अधिक मास होऊन येतात! जावयाला अनारशांचं वाण देणारा धोंड्याचा महिना तो हाच, आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ यातला तेरावाही हाच. १९ वर्षांत २२८ सौर महिने आणि २३५ चांद्र महिने बसतात. वरचे सात तिकडे निळे चंद्र, इकडे अधिक मास.

पण दोन्ही दरवेळी एकत्र येत नाहीत. २०२३ मध्ये अधिक श्रावणातली पौर्णिमा १ ऑगस्टला होती, तर ब्लू मून त्याच महिन्याच्या ३१ तारखेला. २०२६ च्या मे महिन्यात मात्र १ आणि ३१ अशा दोन पौर्णिमा आहेत, आणि ३१ तारखेची दुसरी पौर्णिमा नेमकी अधिक ज्येष्ठातली आहे.