नोकरीचा दाखला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या ज्या धावपट्टीवर आज वैमानिकीचे विद्यार्थी विमान चालविण्याचे शिक्षण घेतात, त्या धावपट्टीलगतच्या बिरसी गावात एका तरुण वीजतंत्र्याच्या घरी, कॅनडातील कायम वास्तव्याच्या अर्जासाठी त्याने जमविलेले दप्तर तपासण्यास मी बसलो होतो. आणि राबणाऱ्या माणसाच्या कामाची लेखी नोंद ठेवण्याविषयी आपण किती उदासीन आहो, हे त्या कागदांवरून मला प्रकर्षाने जाणवले.

कॅनडाने १९६७ साली गुणांवर आधारलेली निवडपद्धती स्वीकारली, आणि २०१५ पासून कुशल कामगारांचे अर्ज ‘एक्सप्रेस एण्ट्री’ या व्यवस्थेतून घेतले जातात. निमंत्रण आले की साठ दिवसांत सर्व दस्तऐवज दाखल करावे लागतात. मालकाच्या दाखल्यात हुद्दा, नोकरीच्या तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन व इतर लाभ यांच्याबरोबरच, उमेदवाराने प्रत्यक्ष कोणते काम केले याचा तपशील मागितलेला असतो.

नागपूरच्या ज्या कारखान्यात हा तरुण नोकरीस होता, तेथून आलेल्या दाखल्यात मात्र वर्तणूक समाधानकारक असल्याचा निर्वाळा आणि भावी आयुष्यास शुभेच्छा, एवढाच मजकूर! याउलट गोंदियाच्या ज्या राइस मिलमध्ये त्याने उमेदीची वर्षे काढली, तेथील वृद्ध मुनीमजींनी जुने हजेरीपट काढले, पाळ्यांचे तास रुजू घातले आणि त्याला समोर बसवून विचारले, “पॉलिशरची मोटर जळली होती ना बाबू, तिची वाइंडिंग कोणी बदलवली? स्टार्टर कोण पाहत होता? सांग, सारं लिहू.” ज्याच्या हातांनी गिरणी चालली त्याचे काम काय होते, हे मुनीमजींना ठाऊक होते, म्हणूनच त्यांचा दाखला मला अधिक मोलाचा वाटला.

वेतनाचा पुरावा याहून चिकित्सेचा. नागपूरचे मासिक वेतन बावीस हजार, पण बँकेत जमा होत २०,३६०. बारा हजार मूळ वेतनावर बारा टक्के भविष्यनिर्वाह निधीचे १,४४० आणि व्यवसायकराचे २०० वजा होऊन ही तफावत पडे. फेब्रुवारीत व्यवसायकर ३०० कापला जात असल्याने त्या महिन्याची जमा आणखी शंभराने उणी. महाराष्ट्राबाहेरच्या अधिकाऱ्याने हा शिरस्ता ओळखावा कसा? म्हणून वेतनचिठ्ठ्या, खातेउतारा आणि निधीचे पासबुक एकमेकांशी ताडून, फरकाची कैफियत त्याने स्वतंत्र पत्रात मांडली. मिलचा पगार रोखीने मिळे. त्यासाठी सहीची व्हाउचरे आणि हजेरीपटाच्या नकला जोडल्या.

नागपूरहून पुन्हा मागविलेल्या दाखल्यात कामांची लांबलचक यादी आली खरी, परंतु ती कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातून शब्दशः उतरविलेली होती. अशा नकलेने तपासणाऱ्याला संशय यावा हे स्वाभाविकच. शिवाय तीत त्याने कधी न केलेली कामेही होती. तेव्हा आपण कोणती पॅनेले जोडली, कोणत्या यंत्रांची देखभाल केली, किती माणसे हाताखाली होती, याचे टिपण त्याने स्वतः लिहून आपल्या पर्यवेक्षकाकडे पाठविले, आणि नोंदवहीशी ते पडताळून, खरे असेल तेवढेच ठेवून सही करावी, अशी विनंती केली.