मोळी, जोर आणि न हलणारी कंबर

अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यातला समर्थ सहकारी साखर कारखाना आणि त्याच्याभोवतीची वस्ती. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस वाढला आणि उसामागे ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. पोट-कमरेची ताकद म्हणजे काय, हे पाहायचं तर गळीत हंगामात फडाच्या कडेला थोडा वेळ उभं राहावं.

ट्रक भरणारा गडी बघा. वाढ्यांनी बांधलेली मोळी तीस-चाळीस किलोंची. तो कमरेतून वाकत नाही, गुडघ्यात बसतो, चुंबळ नीट करतो. जोडीदारीण मोळीला हात देते. उठण्याआधी तो श्वास घेऊन पोट आवळतो, मग फळीवर पाय टाकतो. फळी लवते, पोटऱ्या थरथरतात, मोळी एका अंगाला झुकते. छातीपासून माकडहाडापर्यंतचा भाग मात्र जागचा ढळत नाही. पाय चालतात, धड थांबलेलं असतं.

धडाच्या स्नायूंचं मोठं काम हेच, हालचाल अडवणं. पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू पट्ट्यासारखा आवळतो. वर श्वासपटल, खाली कटितळाचे स्नायू, मागे मणक्यांना बिलगलेले छोटे स्नायू. सगळ्यांनी मिळून दाब धरला की कणा स्थिर राहतो. पोटावर दिसणाऱ्या वड्यांचा याच्याशी फारसा संबंध नाही.

पहाटे इथल्या रस्त्यांवर पोलीस भरतीची पोरं पळतात. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. गोळा हातानं फेकतात असं वाटतं, पण रेटा तळपायातून निघून कमरेवाटे खांद्याला पोचतो. कंबर ढिली असली की तो वाटेतच जिरतो. पळतानाही तेच: दम संपत आला की कंबर डावी-उजवी डुलायला लागते आणि पावलं जड पडतात.

पळून झालं की पोरं जोर काढतात, तेही आकड्यासाठी. पहिले काही जोर देखणे असतात. पुढे पोट सुटतं, कंबर झोळीसारखी लोंबते, मोजणी मात्र चालूच. आपल्या तालमीतल्या जोरात पाठ मुद्दाम वाकवतात, ती ताब्यातली हालचाल असते; हे लोंबणं म्हणजे स्नायूंनी सोडलेलं काम, आणि ते कमरेच्या मणक्यांवर पडतं. जोर मोजणाऱ्यानं तिथंच थांबवायला हवं. सहसा कुणी थांबवत नाही.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या कण्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी सुचवलेले तीन व्यायाम बिनसाहित्याचे आहेत. उताणं पडून, हात कमरेखाली ठेवून डोकं-खांदे जरासे उचलणं. कोपरावर कुशीचा प्लँक. आणि गुडघे-तळहातांवर ओणवं होऊन उजवा हात व डावा पाय, मग उलट, सरळ लांबवणं. प्रत्येक धरणं सुमारे दहा सेकंदांचं, मग सैल, मग पुन्हा. तिसऱ्या व्यायामात पाठीवर सरळ काठी ठेवावी. ती डोक्याला, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकलेली राहिली पाहिजे. पाय उचलताच काठी घसरली, तर कंबर वळली हे वेगळं सांगावं लागत नाही.

समर्थ रामदासांचं जांब इथून जवळच, घनसावंगी तालुक्यात. ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत अशी परंपरा सांगते, आणि पोरांना तेवढा आकडाच पाठ असतो. नमस्कारातली हातापायांवर ताठ राहण्याची अवस्था म्हणजे प्लँकच. तिथं दोन श्वास थांबायला सांगितलं की उड्या मारणारेही कण्हतात.

ऊसतोडीला मात्र कुणी व्यायाम म्हणू नये. व्यायामात वजन आणि विश्रांती आपण ठरवतो; फडात ती गाडी आणि मुकादम ठरवतात. म्हणूनच इतक्या घट्ट पोटाच्या माणसांच्याही कमरा दुखतात.

भरतीच्या पोरांनी जोराचा आकडा निम्मा करावा आणि उरलेला वेळ मॅकगिल यांच्या तीन व्यायामांना द्यावा. कमरेतून पायाकडे मुंग्या किंवा कळ जात असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं.