करिदिनाचं मतदान

"आज करिदिन. करिदिनाला कुणी चांगलं काम काढतं व्हय?" आमच्या घरमालकीण आजी खाटेवर बसून विचारतात आणि विचारता विचारता पायांत मोजे चढवतात. म्हणजे यायचं ठरलेलं आहे. निघण्याआधी थोडं भांडायचं आहे, एवढंच.

१५ जानेवारी २०२६, गुरुवार. काल संक्रांत झाली, आज किंक्रांत. आणि आजच पिंपरी-चिंचवड महापालिकेचं मतदान आहे.

"देवीनं किंकरासुराला आजच्याच दिवशी मारलं ना आजी? मग दिवस वाईट कसा?" मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकते.

"देवीला मत द्यायला रांगेत उभं राहाय लागलं नव्हतं," त्या म्हणतात आणि कमरेच्या पिशवीत तिळगुळाची पुडी कोंबतात.

आम्ही निघतो. कासारवाडीच्या गल्लीत अजून थंडी रेंगाळतेय. रुळांवरून लोणावळ्याची लोकल खडखडत जाते, पाठोपाठ वरून मेट्रो सरकते, आणि दोन्हींच्या आवाजात आजी काय बोलल्या ते मला ऐकू येत नाही. नाशिक फाट्याकडून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसेस आज कमी आहेत. एरवी या वेळी आमच्या गल्लीतली निम्मी माणसं पाठीला डबा लावून त्या बसमागे पळत असतात. आज तीच माणसं इस्त्रीचे कपडे घालून, हातात चिठ्ठी घेऊन, हळू चालताहेत. नऊ वर्षांनी महापालिकेला मत द्यायला मिळतंय. मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ची. मार्च २०२२ला मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. गल्लीतल्या नळाला पाणी का येत नाही हे विचारायला आपल्या ओळखीचा नगरसेवकच नाही, अशी जवळपास चार वर्षं गेली. हे मला फार लागतं. गल्लीत राहणाऱ्या माणसाला सरकार म्हणजे मुंबई-दिल्ली नसते, ज्याच्या दारात जाऊन भांडता येतं तो माणूस असतो.

केंद्राच्या अलीकडे टेबलं लागलीत. एकेका टेबलावर एकेक पक्षाची पोरं, समोर याद्या. पहिल्याच टेबलावरचा मुलगा उठून हात जोडतो.

"या मावशी, या आजी. नाव काय? मावशी, गाव कोणतं?"

हा प्रश्न. गेली तीस वर्षं मला या शहरात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न. लोकलमध्ये, रेशनच्या रांगेत, मुलाच्या शाळेत, दवाखान्यात. पिंपरी-चिंचवडमध्ये माणूस आधी नाव विचारत नाही, गाव विचारतो. बहुतेक वेळा त्यात माया असते. समोरचाही कुठून तरी आलेला असतो आणि त्याला सोबत हवी असते. पण निवडणुकीच्या दिवसांत त्याच प्रश्नाला वेगळा वास येतो. गेल्या पंधरा दिवसांत आमच्या बाजूला लातूरकरांचा मेळावा झाला, खानदेशवाल्यांचा झाला, कोकणातल्यांचा झाला, उत्तर भारतीयांचा झाला. प्रत्येक ठिकाणी "आपला माणूस" हे दोन शब्द. मी आमच्या मेळाव्याला गेले. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी आमच्याच बोलीत "काय करलालाव समदे?" असं विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. पण नंतर मागे उभे असलेले दोघे बोलत होते, इथला गठ्ठा किती हजारांचा. ते पाणी तिथेच आटलं. माणूस आपली बोली ऐकायला येतो आणि त्याची मोजणी होते, हे मला बरोबर वाटत नाही.

मी उत्तर द्यायच्या आधीच आजी पुढे होतात. "तिचं काय इचारतोस? माझं इचार की."

"तुम्ही तर इथल्याच आजी," मुलगा हसतो. "गाववाले."

"इथली कुठली? म्या मुळशीची. लगीन होऊन आले, सोळाव्या वर्षी. पिंपरीला पेनशिलीनचा कारखाना नवा नवा झाला व्हता तवा. आन मुळशीची तरी कुठली? आज्याचं गाव धरणाच्या पाण्यात."

मुलाला पुढे काय विचारावं ते सुचत नाही. तो दोन चिठ्ठ्या लिहून देतो. आजी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवतात. मग शेजारच्या टेबलावर जातात, तिथेही ठेवतात. तिसऱ्यावरही. तीन पक्षांची पोरं, गेले पंधरा दिवस एकमेकांच्या फलकांकडे डोळे वटारून बघणारी, आता एकाच वेळी तीळ चावताहेत. बंदोबस्तावरचा पोलीस लांबून ओरडतो, "आजी, वाटप चालणार नाही! आचारसंहिता आहे!" आजी त्याच्याकडे वळतात आणि सावकाश चालत जाऊन त्याच्याही हातावर ठेवतात. तो टोपी सारखी करतो आणि खातो.

मुळशीचं हे मी आजींच्या तोंडून पूर्वीही ऐकलंय, पण आज उन्हात उभी राहून ऐकताना काहीतरी आत हलतं. मुळशीचा सत्याग्रह १९२१चा. सेनापती बापटांमुळे तो पुस्तकांत आला. टाटांच्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नातवंडं कुठे कुठे गेली, ते मात्र अशा गल्ल्यांमध्ये येऊन बसावं तेव्हा कळतं. आणि माझं गाव? औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं, भूकंप. त्यानंतर ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागेवर वसवली गेली. माझं माहेर आता नव्या गावठाणात आहे, सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुन्या गावात बाभळी. म्हणून कुणी "गाव कोणतं" विचारलं की माझ्या मनात आधी एक प्रश्न उठतो, कुठलं सांगू, बाभळीतलं की गावठाणातलं?

रांग लांब आहे. बायकांची वेगळी. आमच्या पुढे गल्लीतली अक्का उभी आहे, कलबुर्गीची. नवऱ्याबरोबर सेंट्रिंगच्या कामावर आली, सोळा वर्षं झाली. २०१७ला तिचं नाव यादीत नव्हतं. आज पहिल्यांदा महापालिकेला मत देतेय. हातातली चिठ्ठी तिने इतक्या वेळा उघडून पाहिलीय की घडीवर फाटायला आलीय. तिच्या पदराला धरून तिची मुलगी उभी आहे, ती मराठी शाळेत जाते आणि आईला वाचून दाखवते, "अम्मा, हे बघ, तुझं नाव. काना राहिलाय फक्त."

"काना राहिला तर हाकलतील?" अक्का मला विचारते. तिच्या आवाजात खरी भीती आहे.

"नाही गं. फोटो जुळतो ना, झालं."

आजी तिलाही तिळगूळ देतात. ती म्हणते, आमच्याकडे हेच, एळ्ळु-बेल्ला. तीळ आणि गूळच. मागून बिहारची वहिनी सांगते की त्यांच्याकडे संक्रांतीला खिचडीच म्हणतात, आणि दही-चुडा खातात. मग रांगेत कुणाच्या घरी काय होतं याचीच चर्चा सुरू होते आणि मत कुणाला द्यायचं हे सगळ्या विसरतात.

अक्काचं कलबुर्गी आणि माझं औसा १९५६पर्यंत एकाच राज्यात होतं, हैदराबादच्या. माझे आजोबा बाजाराला जायचे तेव्हा कन्नड बोलायचे. मग रेघ ओढली गेली, अक्का तिकडे गेली, मी इकडे आले. आणि आता दोघी कासारवाडीत एकाच नळावर. माझा लातूर जिल्हा १९८२ साली झाला आणि पिंपरी-चिंचवडची महापालिकाही १९८२चीच. मी जिथून आले तो जिल्हा आणि जिथे आले ती महापालिका एकाच वयाचे आहेत. कोण जुना, कोण नवा हे ठरवायला कुणी बसलं की मला हे आठवतं.

बिहारची वहिनी आता गप्प उभी आहे. २००८च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवरच्या हल्ल्यांनंतर पुण्या-नाशिकहून हजारो माणसं गाड्या भरून उत्तरेला गेली, त्यांच्यात तिचा नवरा नव्हता. तो चार दिवस आजींच्या माजघरात होता. आजींनी दाराला बाहेरून कडी घातली आणि स्वतः उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या. कुणी आलं तर विचारायच्या, "कोन पायजे?" मग लॉकडाऊन आला, एप्रिल २०२०मध्ये सरकारने घरमालकांना सांगितलं की तीन महिने भाड्याचा तगादा लावू नका. आजींना ते टीव्हीवरून कळलं. "आता सरकारला सुचलं," एवढंच म्हणाल्या. चाळीतल्या दहा खोल्यांची मार्चपासूनची भाड्याची वही त्यांनी आधीच कपाटावर टाकली होती.

आणि १९९५ साली मी नवी आले तेव्हा रेशनकार्डासाठी पुरावा मागितला गेला. माझ्याकडे ढिगाऱ्यातून निघालेला एक कागद होता, पाण्याने शाई पसरलेला. तो चालेना. तेव्हा मी त्यांना काकू म्हणायचे. आजी आम्ही मुलं झाल्यावर म्हणायला लागलो. काकू माझ्याबरोबर आल्या, टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "ही माझ्याकडं ऱ्हाती. ल्ह्या." माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतकं छोटं आणि इतकं मोठं वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलेलं नाही.

आमचा नंबर येतो. आत मार्करने बोटावर रेघ ओढतात. आजींना यंत्रापाशी नीट समजावून सांगितलं जातं: प्रभागातून चार जण निवडायचे, अ, ब, क, ड, पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी पत्रिका, चारही बटणं दाबली की मगच शिट्टी वाजेल. महापालिकेत १२८ जागा, त्यातल्या निम्म्या बायकांना. आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातात. एक आवाज. दोन. तीन. मग शांतता.

शांतता लांबते.

"अगं ए," आडोशामागून खणखणीत आवाज येतो, "चौथं कुनाला दिऊ?"

सगळं केंद्र थांबतं. केंद्राध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठतात. "आजी, बोलायचं नाही! गुप्त असतं!"

"गुप्तच इचारलं की तिला!"

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावतात. पोलिंग एजंट, तिन्ही पक्षांचे, माना खाली घालून हसतात. केंद्राध्यक्ष अतिशय सौम्यपणे म्हणतात, "आजी, तुम्हाला वाटेल त्याला द्या. कुणीच नको असेल तर शेवटचं बटण आहे, नोटाचं."

"चार दिलेत तर चार द्याय पायजेत," आजी स्वतःशी म्हणतात. "ताटात वाढलेलं टाकू नये." आणि लांब शिट्टी वाजते.

माझं मत होतं. मग अक्का आत जाते. बाहेर येते तेव्हा बोट असं उभं धरलेलं, जणू ओलं आहे आणि कशाला लागू नये. तिची मुलगी ते बोट हातात घेऊन बघते. आम्ही तिघी, चौघी, बाहेर उन्हात येतो. टेबलावरचा तो मुलगा पुन्हा उभा राहतो. या वेळी तो काही विचारत नाही, पाण्याची बाटली पुढे करतो. अक्का आधी मुलीला पाजते.

आजी कट्ट्यावर टेकतात आणि मतदानाची चिठ्ठी उलटी करून माझ्याकडे देतात. "लिही. सूनबाईनं संध्याकाळला हळदीकुंकू ठेवलंय. वाण आणायचंय, चहाच्या गाळण्या. किती लागतील ते मोज."

मी पेन काढते. त्या बोटं मोडत सांगतात: बिहारची. अक्का. नांदेडची शिवणवाली. जळगावची, ती "काय करी राहिना" म्हणती ती. कोपऱ्यावरच्या दोघी जावा. वरच्या मजल्यावरची नवी आलेली, तिचं नाव माहीत नाही, पण तिलाही. मी लिहीत जाते. अकरा होतात.

"आणि मी? बारा," मी म्हणते.

आजी माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेतात. "तुला कशाला वाण? तू काय पाव्हनी हाईस? तू वाटायला ये, चार वाजता. आन येताना तुझ्याकडली मोठी परात आन."