मंगळवारी संध्याकाळी करता येईल असं ध्येय

दहावीचा निकाल लागला की गावोगाव गुणगौरव समारंभ होतात. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण. आणि त्या भाषणात एक गोष्ट बऱ्याचदा येते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५३ साली पदवी घेणाऱ्या मुलांना म्हणे विचारलं, तुमचं ध्येय तुम्ही लिहून ठेवलं आहे का? फक्त ३ टक्के मुलांनी हो म्हटलं. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त निघाली. मी प्राथमिक शाळेत शिकवते. ही गोष्ट मीही मुलांना सांगितली आहे, अगदी मनापासून.

असा अभ्यास कधी झालाच नव्हता. १९९६ साली ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने या गोष्टीचं मूळ शोधायचा प्रयत्न केला. ती भाषणांत सांगणारे नामवंत वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि विद्यापीठाकडे तिचा मागमूसही नव्हता. काही भाषणांत येलच्या जागी हार्वर्ड येतं, इतकाच फरक.

म्हणून ध्येय ठरवण्याला अर्थ नाही असं मात्र समजू नका. या विषयावर खराखुरा अभ्यास भरपूर झाला आहे आणि तो वर्गात, घरात रोज कामी येईल असा आहे. पण भाषणांतून आपल्या कानांवर जे पडतं त्याच्याशी तो बऱ्याच ठिकाणी जुळत नाही.

“ध्येय ठेवायचं तर मोठंच ठेवावं”

अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर कागद चिकटवलेला असतो : ‘९०%’. पालकांना वाटतं, ध्येय ठरलं, आता मूल पळेल. पण त्या कागदाकडे बघून मुलाने मंगळवारी संध्याकाळी सात वाजता नेमकं करायचं काय? नव्वद टक्के ही मार्चमधली गोष्ट. ती पेपरवर, तपासणाऱ्यावर, त्या दिवशीच्या तब्येतीवरही अवलंबून असते. मुलाच्या हातात आजची संध्याकाळ तेवढी असते.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ध्येयनिश्चितीवर आयुष्यभर काम केलं. ‘जमेल तेवढं चांगलं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं तर काम जास्त होतं, हा त्यांचा निष्कर्ष अनेक प्रयोगांत टिकला आहे. लॅथम यांचा एक प्रसिद्ध प्रयोग ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांवरचा. कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण ६० टक्केच ते ट्रक भरत असत. ‘९४ टक्के भरा’ असं नेमकं ठरवल्यावर काही महिन्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेलं. आता यातली मेख बघा. ट्रक भरायचा कसा, हे त्या चालकांना येतच होतं. लॉक आणि लॅथम स्वतःच सांगतात की माणसाला ते काम करता येत असलं पाहिजे, ध्येय त्याला पटलेलं असलं पाहिजे आणि आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहिलं पाहिजे. ज्या मुलाला अजून वजाबाकीच येत नाही, त्याला ‘गणितात ९०’ हे उद्दिष्ट देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पलीकडचा काठ दाखवणं.

वजाबाकीवरच एक प्रयोग झाला आहे. माझ्या मते प्रत्येक डी.एड. कॉलेजात तो शिकवला पाहिजे. १९८१ साली अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी गणितात खूप मागे पडलेली, गणिताला कंटाळलेली ४० मुलं घेतली. वय साधारण सात ते दहा. त्यांतल्या बहुतेकांना वजाबाकीच्या ४२ पानांचा एकच संच दिला आणि तो स्वतःच्या गतीने, सात बैठकांत करायला सांगितलं. काही मुलांना सुचवलं, दर बैठकीला निदान सहा पानं करून बघा. काहींना सुचवलं, सात बैठकांच्या शेवटी ४२ पानं झालेली असू देत. काहींना कसलंच उद्दिष्ट दिलं नाही. सहा साते बेचाळीस, हिशेब तोच. तरीही सहा पानांची मुलं शिकण्यात सगळ्यांच्या पुढे गेली. ‘मला हे येतं’ हा विश्वास त्यांच्यातच सर्वांत जास्त वाढला आणि नंतर आपणहून वजाबाकी करत बसण्याची आवडही त्यांच्यातच जास्त दिसली. बेचाळीस पानांचं ध्येय दिलेली मुलं आणि ध्येयच नसलेली मुलं यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे वाचून मी माझ्या वर्गात काय केलं ते सांगते. पाचवीतला एक मुलगा. ४०२ मधून १५८ वजा करताना त्याचं उत्तर यायचं ३५६. कसं? चारातून एक गेला तीन, पाचातून शून्य गेलं पाच, आठातून दोन गेले सहा. तीन अंकी संख्या आली की प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. तो आळशी नव्हता, रोज वही भरून आणायचा आणि रोज लाल फुल्या घेऊन जायचा. प्रगतिपुस्तकात शेरा होता, ‘गणितात सराव आवश्यक’. मी त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर पाच चौकोन आखले. पहिला : दोन अंकी, बिनहातच्याची. दुसरा : दोन अंकी, हातच्याची. तिसरा : तीन अंकी, एक हातचा. चौथा : तीन अंकी, दोन हातचे. पाचवा : मध्ये शून्य असलेली. प्रत्येकातली पाच-पाच उदाहरणं घातली. पहिल्या दोन चौकोनांतली दहाच्या दहा त्याने बरोबर सोडवली. म्हटलं, भर दोन चौकोन, तारीख घाल. तो थोडा वेळ पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, म्हणजे मला अर्धी येते?” अर्धी येते, हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीच सांगितलं नव्हतं.

हा दोन चौकोनांचा परिणाम इतरत्रही मोजला गेला आहे, तोही चक्क गाड्या धुण्याच्या केंद्रावर. जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर ड्रेझ यांनी काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं. आठ भरले की एकदा धुलाई फुकट. काहींना दहा शिक्क्यांचं दिलं, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. भरायचे दोघांनाही आठच. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पुरं केलं, दोन शिक्क्यांचं ३४ टक्के लोकांनी. सुरुवात झालेली दिसली की पुढचं करावंसं वाटतं. गिऱ्हाइकांना दिलेले शिक्के आयते होते. मुलाच्या बाबतीत तशी गरज नसते, त्याला खरोखर येत असलेलं काहीतरी असतंच. ते शोधायला मात्र शेजारी बसावं लागतं.

“डोळे मिटून यशाचं चित्र बघायचं”

परीक्षेच्या आधी हा सल्ला फार मिळतो. कॅलिफोर्नियात लिएन फाम आणि शेली टेलर यांनी तो तपासला. १९९९ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. काही विद्यार्थ्यांनी रोज काही मिनिटं कल्पना केली की आपल्याला उत्तम श्रेणी मिळाली, किती आनंद झाला. काहींनी कल्पना केली की आपण अभ्यासाला कसे बसलो आहोत, कुठे, काय वाचतो आहोत. दुसऱ्या गटाने जास्त तास अभ्यास केला, गुणही जास्त मिळवले. नुसतं यश रंगवणाऱ्यांचा अभ्यास उलट कमी झाला. तेव्हा चित्र काढायचंच असेल तर ‘जेवण झाल्यावर ओट्यावर बसून भूगोलाचा तिसरा धडा’ एवढं काढावं. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं कामही इकडेच बोट दाखवतं : कधी, कुठे, कसं हे आधी ठरवलं की ठरवलेलं पार पडण्याची शक्यता बरीच वाढते.

“भिंतीवर तक्ता लावला की चुरस लागते”

तक्त्याच्या मी विरोधात नाही. २०१६ साली १३८ अभ्यास एकत्र करून एक आढावा घेतला गेला. आपली प्रगती वेळोवेळी तपासत राहिलं तर ध्येय गाठण्याचं प्रमाण वाढतं, आणि ती लिहून ठेवली किंवा इतरांना कळवली तर परिणाम आणखी होतो, असं त्यात दिसलं. ‘काल तीन, आज चार’ हे दिसणं चांगलंच.

पण वर्गातला तक्ता बहुतेक वेळा वेगळाच असतो. वरून खाली नावं, नावांपुढे तारे. काहींपुढे वीस, काहींपुढे दोन. दोन तारेवाल्या मुलीला त्या तक्त्यात तिची प्रगती दिसत नाही, तिला तिची जागा दिसते. मग ती तक्त्याकडे बघणं सोडते. वर्गात मागे बसून हे नीट बघा. कोणती मुलं भिंतीकडे मान वळवतात आणि कोणती मुद्दाम वळवत नाहीत.

इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. पाचवी-सहावीच्या काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त ‘इथे असं केलंस, पुढे असं करून बघ’ असा शेरा दिला आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं जवळजवळ नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? पेपर हातात आल्यावर आपली मुलं आधी काय बघतात आणि शेजारच्याला काय विचारतात, ते आठवा.

मूल स्वतःला स्वतःशीच ताडून बघेल अशी सोय आपल्याकडे झालेली आहे. आंध्र प्रदेशात मदनपल्लेजवळच्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने खेड्यांतल्या शाळांसाठी ‘शिक्षणाची शिडी’ तयार केली. भिंतीवर शिडी, तिच्यावर छोट्या कार्डांच्या खुणा. मूल येतं, आपण कुठे होतो ते बघतं, पुढचं कार्ड उचलतं आणि कामाला बसतं. तमिळनाडूने ही कल्पना सरकारी शाळांत नेली. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेची वाचनचाचणी आपल्या बऱ्याच शिक्षकांना माहीत आहे : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तिची ताकद तिच्या साधेपणात आहे. निरक्षर आईलाही समजतं की पोर जूनमध्ये शब्दाशी अडखळत होतं आणि आता गोष्ट वाचतं. ‘क-१ श्रेणी’वरून तिला काय समजणार?

“बक्षीस कबूल केलं की अभ्यास होतो”

थोडं होतं, आणि कशासाठी कबूल केलं त्यावर ठरतं. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. ज्यांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रं कमी काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेच्या शाळांत खरोखर पैसे देऊन पाहिले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांसाठी पैसे दिले, गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचल्याचे दोन डॉलर दिले, तिथे इंग्रजीत चाचणी देणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. याचं एक संभाव्य कारण असं : गुण कसे वाढवायचे हे मुलाला ठाऊक नसतं, पुस्तक कसं उघडायचं हे असतं. तेव्हा ‘९० टक्के आण, सायकल घेतो’ हा सौदा करण्याआधी विचार करा. ज्या मुलाला आधीच वाचायला आवडतं, त्याला तर वाचनासाठी काहीच देऊ नका.

“एकवीस दिवस केलं की सवय लागते”

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. त्यांनी लिहिलं होतं ते नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना लागणाऱ्या काळाबद्दल, तेही ‘किमान’ म्हणून. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला; मधला आकडा ६६. मुलांच्या दृष्टीने त्यातली सर्वांत कामाची गोष्ट अशी : एखादा दिवस चुकला तर सवय मोडली नाही. लग्नाला गेलो, ताप आला, एक दिवस वही उघडली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावरून सुरू करावं. बाविसाव्या दिवशी मूल पुन्हा टाळाटाळ करू लागलं म्हणून ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

पाचवीतल्या त्या वजाबाकीवाल्या मुलाचा तिसरा चौकोन चार दिवसांत भरला. चौथ्याला दोन आठवडे गेले, कारण दुसरा हातचा तो विसरायचा; आम्ही आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून परत मोजत बसायचो. पाचव्या चौकोनावर दिवाळीनंतरची तारीख आहे. त्या सत्रातही त्याचा वर्गातला क्रमांक फारसा हलला नाही. पण पालकसभेला वडील आले तेव्हा प्रगतिपुस्तक घेण्याआधी त्याने त्यांच्यापुढे वहीचं शेवटचं पान धरलं.

या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. मुलाच्या शेजारी बसा, टक्के विचारू नका. महिन्यापूर्वी येत नव्हतं आणि आता येतं, असं एक काहीतरी दोघांनी मिळून शोधा आणि त्याच्याच हाताने, तारीख घालून, वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावा.