गाणं कसं दिसतं?

अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ रोजी कीर्तनकार संत गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याआधी महिना-दीड महिना मुंबईत बांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. आवाज आहे, चित्र नाही. तरी ऐकताना समोरची गर्दी दिसते, कारण बाबा प्रश्न टाकतात आणि माणसं एका सुरात उत्तर देतात.

राजदत्त यांच्या ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले. चिंध्यांचा सदरा, गाडगं, खराटा: एवढ्या वस्तू दिसल्या की माणूस ओळखू येतो. कीर्तन चित्रित करायचं तर गायकाइतकाच श्रोत्यांचा चेहरा महत्त्वाचा, आणि संतपटांनी ही रीत पक्की केली. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्येही (१९३६) तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस लोकांमध्ये गातात.

लावणीचं गणित निराळं. ‘नटरंग’ चित्रपटातल्या ‘वाजले की बारा’त नर्तकी फडावर असते, नऊवारी, घुंगरू आणि थेट प्रेक्षकांवर रोखलेली नजर.

रॅपचा कॅमेरा गल्लीत उतरतो. डिवाइन आणि नेझी या रॅपरांच्या ‘मेरे गली में’मध्ये (२०१५) मुंबईची वस्तीच मंच होते, दोस्त गायकाभोवती उभे राहतात. कीर्तनातल्यासारखंच इथंही गाणारा एकटा दिसून चालत नाही; फरक इतकाच की कीर्तनकार लोकांकडे बघतो, रॅपर सरळ कॅमेऱ्याकडे.

बाबांच्याच वऱ्हाडी बोलीत व्हिडिओ करणाऱ्या पोरांनी त्यांचं ते बांद्र्याचं ध्वनिमुद्रण एकदा कान देऊन ऐकावंच. सवाल-जवाबाची ती लय आजच्या कॅमेऱ्यालाही भरपूर काम देईल.