कुर्ल्याचं इंजिन, उसाचं इंधन

वांद्रे पूर्वेला अली यावर जंग मार्गावर इंडियन ऑइलचं नोंदणीकृत कार्यालय आहे. या कंपनीने मार्च २०२४ मध्ये ‘इथेनॉल १००’ हे इंधन १८३ पंपांवर विक्रीला आणलं. त्यांत महाराष्ट्रातलेही पंप आहेत. नावात शंभर असलं तरी इथेनॉल साधारण ९३ टक्के, बाकी थोडं पेट्रोल आणि दोघांना एकजीव ठेवणारं द्रावण. हे इंधन नव्या फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. पण जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांच्या मनात वेगळाच प्रश्न येतो. वांद्र्याच्या शेजारच्या कुर्ल्यात बनलेला कार्बोरेटरवाला डॉज किंवा फार्गो ट्रक यावर चालेल का?

चालेल. शिवाय या ट्रकचं आणि उसाचं नातं जुनं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात गाड्या जोडायला सुरुवात केली. हेच वालचंद रावळगाव आणि वालचंदनगरच्या साखर कारखान्यांचेही मालक. इंधनात अल्कोहोल वापरण्यासाठीचा केंद्राचा पॉवर अल्कोहोल कायदा १९४८ चा. म्हणजे ट्रक, अल्कोहोलसाठीची मळी आणि कायदा तिन्ही एका वेळी हजर होते, तरी लग्न काही जमलं नाही. पुढे ट्रकांत डिझेल इंजिनं आली आणि विषयच मिटला. गंमत पाहा, तो कायदा २००० साली मोडीत निघाला आणि २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा सरकारी प्रयोग सुरू झाला!

आता बॉनेट उघडू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. हवा तेवढीच ओढली जाणार, म्हणून इंधन जास्त सोडावं लागतं, आकारमानाने जवळजवळ दीडपट. कार्बोरेटरचं मेन जेट त्या हिशेबाने मोठं करायचं. क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त, म्हणजे व्यास साधारण पाव हिश्शाने वाढवायचा, १.२ मिलिमीटरचं जेट दीडवर जातं. नुसतं मेन जेट बदलून भागत नाही. आयडलिंगचं जेट तसंच ठेवलं तर इंजिन सिग्नलला बंद पडतं, अॅक्सिलरेटर पंप कमी पडला तर पिकअपला खोकतं. इथेनॉल पेट्रोलपेक्षा थोडं जड, त्यामुळे फ्लोटची पातळीही पुन्हा लावावी लागते. शेवटी इग्निशनचं टायमिंग थोडं पुढे घ्यायचं.

टायमिंग पुढे घेता येतं, कारण इथेनॉल सहजी नॉकिंग करत नाही. त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर आहे. पण जुन्या ट्रकचं कॉम्प्रेशन सहा-सातला एक एवढंच, तिथे हा गुण वाया जातो. फायदा हवा तर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायला हवं. ब्राझीलमध्ये १९७९ साली फियाट १४७ ची निव्वळ इथेनॉलवरची आवृत्ती बाजारात आली. तिचं इंजिन कारखान्यातच त्या इंधनासाठी जुळवलेलं होतं, आणि फरक तिथेच पडतो.

थंडीत इथेनॉलची नीट वाफ होत नाही. बारा-तेरा अंशांखाली इंजिन सुरू करायचं तर ब्राझीलवाले स्टार्टिंगपुरती पेट्रोलची छोटी टाकी बसवत. वांद्र्यात ती क्वचितच लागेल; जानेवारीच्या पहाटे निफाडला मात्र तिच्याशिवाय गाडी हलणार नाही.

खरी कटकट रबराची आणि गंजाची. जुने पाईप, पंपाचा डायफ्रॅम, कॉर्कचं पॅकिंग इथेनॉलमध्ये फुगतात किंवा तडकतात. त्यांच्या जागी व्हायटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावे लागतात. पन्नास वर्षांच्या टाकीच्या आतला थर इथेनॉल धुऊन काढतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून टाकी आधी साफ करायची आणि पहिले काही दिवस फिल्टर पुन्हा पुन्हा बघायचा. त्यात मुंबईचा पावसाळा! इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. शुद्ध इथेनॉलमध्ये ते मिसळून जातं, पण पेट्रोलच्या मिश्रणात प्रमाण वाढलं की पाणी आणि अल्कोहोल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. महिनाभर उभ्या गाडीला हा धोका जास्त.

हे सगळं चांगल्या मिस्त्रीच्या आवाक्यातलं आहे. आवाक्याबाहेर आहे तो किलोमीटरचा हिशेब. २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ६५.६१ रुपये देत होत्या. इंधन दीडपट लागतं हे धरलं तर एक लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळवायला ९८ रुपये, त्यावर कर, वाहतूक आणि पंपाचं कमिशन वेगळं. मुंबईत तेव्हा पेट्रोल १०३ रुपयांच्या आसपास होतं, आणि त्यात कर धरलेला.

मुंबईने जुन्या कार्बोरेटर इंजिनांचं इंधन याआधी बदललंय, ते मात्र सीएनजीसाठी. धुराविरुद्धच्या एका जनहित याचिकेवर १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली. त्यानंतर प्रीमियरच्याच पद्मिनी टॅक्सीच्या कार्बोरेटरला मिक्सर लागला आणि काळ्या-पिवळ्यांनी गॅस धरला, कारण न्यायालयाचा धाक होता, किट होती आणि गॅस स्वस्त होता. जुन्या ट्रकच्या इथेनॉलला यातलं काहीच मिळालेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दुसऱ्या इंधनाला परवानगी देतं, पण नियमात बसणारी कन्व्हर्शन किट आणि आरसीवर नोंद या अटींसह. घरी जेट रुंदावून ती नोंद मिळत नाही.

त्यामुळे वांद्र्यातल्या जुन्या गाडीवाल्याचा रोजचा प्रश्न ‘इथेनॉल १००’ चा नाहीच, पंपावर मुकाट येणाऱ्या ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा आहे. त्याने हवा-इंधनाचं मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. इंजिन तापतं, चोक जास्त वेळ लागतो. उपाय स्वस्त आहे: मेन जेट एक-दोन नंबर वरचं, पाईप नवे, आणि टाकी भरलेली गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही.