दुकानातला जुना संगणक आणि लिनक्स

किराणा, कापड, छापखाना, फर्निचरचे वर्कशॉप, कोणताही धंदा घ्या, कोपऱ्यात एक संगणक असतो. बिले, स्टॉक, जीएसटीचे रिटर्न, बँकेची कामे त्यावरच होतात. अनेक ठिकाणी हा संगणक आठ-दहा वर्षांचा असून त्यात विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. साधारणपणे २०१७ पूर्वीची यंत्रे त्यात बसत नाहीत. मग चालते यंत्र भंगारात द्यायचे काय? व्यापारी व कारागीर बांधवांनी त्याआधी लिनक्सचा विचार जरूर करावा.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोजप्रमाणेच लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. तिची प्रत घेणे, वापरणे, दुसऱ्याला देणे याला परवान्यानेच मुभा आहे. उबुंटू, लिनक्स मिंट असे तिचे अनेक प्रकार आहेत. सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाचा भारतीय प्रकार तयार केला आहे. नवख्या माणसाला मिंट सोपे जाते, कारण त्याची मांडणी विंडोजसारखी दिसते. त्याला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास काम सुरळीत चालते.

प्रश्न हलाल कमाईचाही

थोडक्या पैशांत विंडोजची चोरटी प्रत टाकून घेण्याची सवय बाजारात आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा ठरला. दीनच्या बाजूनेही हा विषय नवा नाही. १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखन, शोध व व्यापारी नाव यांवरील हक्क शरियतमान्य असून त्यांवर अतिक्रमण जायज नाही, असा ठराव केला. अधिक खुलासा आपल्या आलिमांकडून घ्यावा. मात्र दिवसभर मापात चोख राहणाऱ्या दुकानदाराचा हिशेब चोरीच्या प्रतीवर लिहिला जावा, हे शोभत नाही. लिनक्समुळे तो पेचच उरत नाही.

काय चालते, काय अडते?

जीएसटी, बँक, ई-मेल ही कामे ब्राउझरवर होत असल्याने लिनक्सवरही होतात. पत्रे व हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस मोफत आहे. जमाखर्चासाठी ग्नूकॅश आहे. युनिकोडमुळे मराठी आणि उर्दू एकाच पानावर टाइप करता येते; लग्नपत्रिका छापणाऱ्यांना याचा उपयोग आहे.

अडचणीही ध्यानात घ्याव्यात. टॅली, कोरल ड्रॉ आणि उर्दूचे इनपेज लिनक्सवर थेट चालत नाहीत. ज्यांचा सारा हिशेब टॅलीत आहे त्यांनी घाई करू नये. वेगळ्या संगणकावर परवान्याचे विंडोज ठेवावे. काही प्रिंटर, विशेषतः जुने लेसर प्रिंटर, त्रास देतात. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या कंपन्यांनी ते आधी चालवून पाहावे. एकट्या मालकीच्या धंद्याचे रिटर्न मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येते.

सुरुवात अशी करावी

१. सर्व हिशेब, फोटो, डिझाइन बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. ती डिस्क उघडून तपासावी.

२. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रत उतरवून पेनड्राइव्हवर चढवावी. यात पेनड्राइव्ह पुसला जातो, म्हणून रिकामाच घ्यावा.

३. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. 'इन्स्टॉल' न दाबता लिनक्स तसेच चालवून पाहता येते. आतली विंडोज जागच्या जागी राहते.

४. प्रिंटर, वायफाय, मराठी टाइप आणि एक बिल छापणे, एवढे तपासावे.

५. सर्व जमले तरच इन्स्टॉल करावे. सणासुदीचा किंवा रिटर्नच्या मुदतीचा आठवडा त्यासाठी निवडू नये.

कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे. त्यांच्याही हाताला एक हुन्नर लागेल, आणि नव्या संगणकाची रक्कम मालात किंवा हत्यारांत घालता येईल.